मुलांना रान दाखवा

जालना जिल्ह्यातील प्राथमिक शाळांच्या सहली बहुधा ठरावीक वाटेनेच जातात. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद, पैठण. या स्थळांचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. तथापि पहिली-दुसरीतल्या मुलाला लेण्यांतील शिल्पाचे मर्म कितपत उमगते, आणि त्या वयाला जे सहज उमगते ते रान त्याला का दाखवले जात नाही, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

एक उत्तर उघड आहे. दाखवावे असे रान जिल्ह्यात फारसे उरलेलेच नाही. देशाच्या एकतृतीयांश भूभागावर वृक्षाच्छादन असावे, असे उद्दिष्ट १९८८च्या राष्ट्रीय वननीतीने ठेवले. जालना जिल्हा त्याच्या आसपासही नाही. १९८६ साली घोषित झालेले गौताळा अभयारण्य शेजारच्या जिल्ह्यांत आहे. पण मंठा-परतूरच्या सहा वर्षांच्या मुलाला तेथे नेऊन एका दिवसात परत आणणे जिकिरीचे.

शिक्षणाच्या प्रत्येक पायरीवर पर्यावरणाचा विषय असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली बजावले. त्याप्रमाणे पुस्तके आली, धडे आले. ‘झाडे प्राणवायू देतात’ हे वाक्य मुले बिनचूक लिहितात. परंतु काळ्या सालीची बाभूळ आणि पांढुरक्या सालीचा हिवर यांतला भेद त्यांना सांगता येत नाही. दसऱ्याला आपटा म्हणून कांचनाची पाने वाटली जातात आणि ती देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनाही त्याचा पत्ता नसतो. दोष मुलांचा नव्हे. जे कधी पाहिलेच नाही, ते ओळखायचे कसे?

वृक्षारोपणाने ही उणीव भरून निघेल, हा समज पुरेसा नाही. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात कोट्यवधी रोपांची मोहीम गाजली. पण खड्डे मोजणे वेगळे आणि रान उभे करणे वेगळे. गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी ही परदेशांतून आलेली झाडे लवकर वाढतात. पळस, धावडा, सालई, अंजन, खैर यांच्या आधाराने येथील कीटक-पाखरांचा जो संसार पिढ्यानुपिढ्या चालत आला, तो त्यांच्यावर तसा उभा राहत नाही. फाल्गुनात निष्पर्ण पळस फुलतो आणि पाखरे त्यावर गर्दी करतात. हे एकदा पाहिलेल्या मुलाला वेगळा धडा शिकवावा लागत नाही.

हे अशक्य आहे काय? मुंबईत माहीमजवळ एके काळी शहराचा कचरा पडत असे. त्याच जागी झाडे वाढवून १९९४ साली महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले आणि शाळकरी मुले तेथे निसर्ग शिकू लागली. कचऱ्याच्या ढिगावर जे साधले, ते जालन्याच्या माळावर का साधू नये?

जागाही शोधायला दूर जावे लागणार नाही. जालना शहराची तहान भागवण्यासाठी निजामकाळात बांधलेल्या घाणेवाडी तलावातील गाळ नागरिकांनी लोकवर्गणीतून उपसला. परंतु पाणलोटातील माळ उघडा राहिला, तर प्रत्येक पावसाबरोबर माती पुन्हा तलावात येणारच. तेथे देशी झाडांचे छोटे वन आणि मुलांसाठी एक साधे निसर्गकेंद्र उभारले, तर माती, झाड आणि नळाचे पाणी यांचे नाते मुलांना डोळ्यांनी दिसेल. २०१२-१३च्या दुष्काळात टँकरची वाट पाहिलेल्या जिल्ह्याला याहून उपयुक्त शिक्षण कोणते?

आक्षेप येतील. शिक्षकांवर आधीच जनगणना, निवडणूक, सर्वेक्षणे यांचा भार आहे. साप-विंचवाची भीती, खर्च आणि जबाबदारी आहे. हे सारे खरे आहे. म्हणूनच हे काम शिक्षकांच्या माथी न मारता वनविभागाने जाणता वाटाड्या द्यावा आणि जिल्हा परिषदेने गाडीचा खर्च सोसावा. एका वेळी वीस-पंचवीसच मुले असावीत आणि भेट सकाळच्या दोन-तीन तासांत आटोपावी. वर्षातून दोनदा, श्रावणात आणि फाल्गुनात, तेच रान दाखवावे म्हणजे ऋतूही कळेल. तेथे प्रश्नपत्रिका नको, निबंधही नको.

माणूस ज्याला नावाने ओळखतो त्याचीच काळजी वाहतो. उद्या या जिल्ह्याचे पाणी आणि माती ज्यांच्या हाती जायची आहे, त्यांना निदान येथल्या दहा झाडांची नावे यावीत, एवढी व्यवस्था करणे शासनाला जड जाऊ नये.