बखरीला खोटी म्हणण्याआधी

ठाण्यात जुन्या इतिहासाची चर्चा निघाली की उत्तर कोकणातल्या राजांची आणि कुळांची हकीगत सांगणाऱ्या महिकावतीच्या बखरीवर हमखास खडाजंगी होते. एक पक्ष म्हणतो, ताम्रपट आणि शिलालेख असताना या भाकडकथेची गरज काय? दुसरा पक्ष तिच्यातली कुळांची यादी कपाळाला लावतो आणि आपले पूर्वज बिंबराजाबरोबर आले हे सिद्ध झाले असे सांगतो. मला दोन्ही मते अमान्य आहेत.

पहिल्या पक्षाचे म्हणणे आधी घेतो, कारण त्यात तथ्य आहे. बखरीप्रमाणे प्रतापबिंब शके 1060 च्या सुमारास उत्तर कोकणात उतरला आणि त्याने इथे राज्य मांडले. पण भिवंडी तालुक्यात लोनाडजवळच्या चौधरपाड्याला शिलाहार केशिदेवाचा शके 1161 चा शिलालेख सापडला आहे. म्हणजे पुढे शंभर वर्षांनीही कल्याणच्या पंचक्रोशीत शिलाहार राजाच दाने देत होता. बिंबाचे राज्य बखर सांगते तेवढे मोठे नव्हते, हे इथे मानावेच लागते. दगडापुढे बखरीने माघार घ्यावी.

पण म्हणून पोथी रद्दीत? इतिहासाचार्य राजवाड्यांनी ही बखर 1924 साली छापली, तेव्हा तिची प्रकरणे वेगवेगळ्या काळांतली आणि वेगवेगळ्या हातांची आहेत हे उलगडून दाखवले. तिचा सर्वांत जुना भाग केशवाचार्याचा, शके 1370 मधला, म्हणजे इ.स. 1448 चा. प्रतापबिंब त्याच्या तीनशे वर्षे आधीचा. केशवाचार्याला प्रतापबिंबाची तिथी विचारणे आणि ती चुकली म्हणून त्याला खोटारडा ठरवणे हा न्याय नव्हे. त्याने जे पाहिले, भोगले, त्याबद्दल त्याला विचारा. मालाडच्या नायकोराव देसल्याला देवीचा दृष्टांत होतो, केशवाचार्य लोकांना जमवतो, आणि बुडत चाललेला महाराष्ट्रधर्म राखण्यासाठी वंशांचा, आचारांचा वृत्तांत सांगितला जातो. हे शिवजन्माच्या 182 वर्षे आधी, साष्टीच्या खाड्यांमधल्या गावांत. परक्या सत्तेखाली आपली ओळख पुसली जाईल ही धास्ती आणि ती लिहून ठेवण्याची धडपड कोणत्या ताम्रपटात मिळेल? ताम्रपट राजाचा असतो, तो दानाचे बोलतो. आणि तोही निःस्वार्थी साक्षीदार नाही. ‘महामंडलेश्वर’, ‘पश्चिमसमुद्राधिपती’ ही बिरुदे शिलाहारांनी स्वतःच कोरून घेतली आहेत. ती आपण तपासून घेतो, ताम्रपट फेकून देत नाही. तीच सवलत बखरीला का नाही?

शिवाय दगड आणि पोथी नेहमी भांडतातच असे नाही. देवगिरी पडल्यावर शके 1216 मध्ये बिंबदेव यादव कोकणात आला असे बखर सांगते. ठाण्यालाच मिळालेल्या शके 1194 च्या ताम्रपटात रामचंद्रदेव यादवाच्या वतीने साष्टीचा कारभार पाहणारा अच्युत नायक भेटतो. साष्टी यादवांच्या ताब्यात होतीच, तेव्हा यादवकुळातल्या कुणी इथे आसरा घेतला असणे शक्य ठरते. सिद्ध होत नाही, पण शक्य ठरते, आणि इतिहासात हा फरक मोलाचा आहे.

हाच फरक दुसरा पक्ष पुसून टाकतो. कुळांची यादी ही पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या समाजाने स्वतःविषयी जपलेली समजूत आहे. त्या अर्थाने ती अमूल्य आहे. तिला जन्मदाखला मानले की एक शिलालेख सापडताच अभिमानही कोसळतो आणि पोथीही बदनाम होते.

मणिपूरच्या मैतेई पोथ्यांवरूनही हेच वाद चालतात. तिथली राजबखर ‘चैथारोल कुंबाबा’ पाखंगबा राजापासून, इ.स. 33 पासून सुरू होते. एवढ्या जुन्या नोंदी अक्षरशः कुणी घेऊ नयेत. पण 1485 मध्ये क्याम्बा राजाच्या काळी दर वर्षाला एका माणसाचे नाव देण्याची प्रथा सुरू झाली आणि तिथून नोंदी भक्कम होत जातात. अठराव्या शतकात गरीबनिवाज राजाने अनेक जुन्या पोथ्या जाळवल्या, त्या परत आल्या नाहीत.

आपल्याकडे पोथ्या जाळत नाहीत, पाण्यात सोडतात. वसई, केळवे, ठाणे, कल्याण इथल्या जुन्या घरांत माळ्यावर मोडी रुमाल असतील, तर घर पुनर्विकासाला देताना ते निर्माल्याबरोबर खाडीत सोडू नका. आधी पानापानाचे फोटो काढा आणि मोडी वाचणाऱ्या माणसाला दाखवा. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 पासून आहे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून. तिथे जाऊन विचारा. त्यातले खरे किती आणि खोटे किती हे नंतर ठरवता येईल. त्यासाठी आधी पोथी शिल्लक हवी.