विश्लेषण : चिप कारखान्यात तापमानाला एवढे महत्त्व का?

गुजरातमधील धोलेरा येथे टाटा इलेक्ट्रॉनिक्स आणि तैवानची पॉवरचिप यांच्या चिप कारखान्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी मंजुरी दिली. गुंतवणूक ९१ हजार कोटी रुपये, क्षमता महिन्याला ५० हजार वेफर. चर्चा बहुतेक या आकड्यांचीच होते. तैवानकडून खरोखर घ्यायचे आहे ते तंत्र, आणि त्यातला मोठा भाग म्हणजे कोणत्या टप्प्यावर वेफर किती गरम ठेवायची, हे ज्ञान.

अणू सिलिकॉनवर कसे बसतात?

धातूची वाफ सिलिकॉनच्या स्वच्छ पृष्ठभागावर आली की तिचे अणू तिथे चिकटतात. याला अधिशोषण म्हणतात. पृष्ठभाग थंड असेल तर अणू पडला तिथेच जवळपास राहतो. तापवला तर सरकू लागतो, सोयीची जागा शोधतो. चांदीवर याचा भरपूर अभ्यास झाला आहे. खोलीच्या तापमानाला तिचे बारीक ढीग होतात. काहीशे अंशांवर तीच चांदी साधारण एका अणूच्या जाडीचा नीटस थर करते. ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तिचे अणू पृष्ठभाग सोडून उडू लागतात.

सोने याहून खोडकर. ते वितळते १०६४ अंशांना, सिलिकॉन १४१४ अंशांना. पण दोघे ठरावीक प्रमाणात एकत्र आले, तर मिश्रण ३६३ अंशांच्या आसपासच वितळते!

मग तांब्याचे काय?

चिपमधील जोडण्या पूर्वी ॲल्युमिनियमच्या असत. १९९७ मध्ये आयबीएमने तांब्याच्या जोडण्यांची घोषणा केली. तांबे वीज उत्तम वाहते, पण सिलिकॉनमध्ये सहज शिरते आणि ट्रान्झिस्टर बिघडवते. म्हणून मध्ये टँटलमसारख्या धातूचा अडथळा घालतात. त्यावर तांब्याचा पहिला थर देताना वेफर मुद्दाम थंड ठेवली जाते. नाहीतर अणू सरकून गोळे होतात, थर तुटतो. यानंतरची कामेही साधारण ४०० अंशांच्या आत उरकावी लागतात.

धोलेऱ्यात काय पाहायचे?

तिथे २८ नॅनोमीटरपर्यंतच्या चिप बनवण्याची योजना आहे आणि त्या आकाराला जोडण्या तांब्याच्याच असतात. सप्टेंबर २०२४ मधील करारानुसार पॉवरचिप तंत्रज्ञानाचा परवाना आणि अभियांत्रिकी मदत देणार आहे. तरीही प्रत्येक यंत्रावर तापमान नव्याने जुळवावे लागते आणि तोवर वेफर वाया जातात. म्हणून उद्घाटनाच्या तारखेपेक्षा, शंभरांतल्या किती चिप चांगल्या निघाल्या, हा आकडा अधिक बोलका असेल.