फॅक्टर पाचाचा आहे ना? मग उचला!

स्ट्रक्चरल स्टील आणि लिफ्टिंग या विषयांत काम करतो म्हणून असेल, पण भारतातल्या ओळखीच्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्या इंजिनिअर मंडळींकडून मला अधूनमधून प्रश्न येत असतात. विचारणारी मुलं हुशार असतात, नम्र असतात, आणि प्रश्न साधारण एकाच साच्यातले असतात. अलीकडचाच एक नमुना पाहा. "दादा, १२ टनाचा स्किड आहे. चार कोपऱ्यांना चार लग लावलेत, म्हणजे एका लगवर ३ टन. शॅकल पण ३ टनाचेच आहेत. शिवाय फॅक्टर पाचाचा असतोच. काही टेन्शन नाही ना?"

आहे. भरपूर टेन्शन आहे, आणि दोन्ही अर्थांनी!

मंडळी, आज थोडं आकडेमोडीचं बोलणार आहे. कंटाळू नका, शाळेतलं त्रिकोणमितीचं गणित पुरेल.

पहिली गोष्ट. चार स्लिंग लावल्या म्हणजे वजनाचे चार समान वाटे होतात, हा गोड गैरसमज आहे. टपरीवरचं चार पायांचं टेबल आठवा. एका पायाखाली कागदाची घडी घातल्याशिवाय ते डुगडुगायचं थांबत नाही, कारण बरेचदा ते समोरासमोरच्या दोनच पायांवर उभं असतं. स्लिंगचंही तसंच. लांबीत थोडासा फरक असला तरी ताठ वस्तूचं वजन कर्णावरच्या दोन स्लिंगवर जातं आणि उरलेल्या दोन नुसत्या शोभेला राहतात. म्हणून हिशोब दोनांचाच करायचा. ३ टनाचे झाले ६.

दुसरी गोष्ट. स्लिंग तिरकी असते. पाण्याने भरलेली बादली दोघांनी मिळून उचला आणि एकमेकांपासून लांब सरकत जा, हातांना लगेच कळेल. जमिनीशी ४५ अंशांचा कोन असेल तर ६ टनांचे होतात साडेआठ. कोन ३० अंशांवर आला तर सरळ दुप्पट, १२ टन. म्हणजे पूर्ण स्किडचं वजन एकेका स्लिंगमध्ये!

तिसरी गोष्ट. हायड्रा काही पाळणा हलवल्यासारखं उचलत नाही. धक्क्यासाठी पंचवीस टक्के जास्त धरले तर साडेआठाचे होतात साडेदहाच्या वर.

आता ३ टनाच्या शॅकलकडे बघा. पाचाचा फॅक्टर म्हणजे तो साधारण १५ टनांना तुटणार. भागाकार केला तर उरतात १.४. आणि हे १.४ नव्या, न वाकलेल्या, खऱ्या कंपनीच्या शॅकलसाठी. त्याची मूळ पिन हरवून तिच्या जागी बोल्ट घातला असेल, तर पुढचा हिशोब मी करत नाही.

पण खरी गंमत शॅकलमध्ये नाहीच, लगमध्ये आहे. लग वर्कशॉपमध्ये बनतो. त्याला पाचाचा फॅक्टर बाजारातून मिळत नाही, डिझाइन करणाऱ्याने दिला तरच तो असतो. ड्रॉइंगमध्ये पाहिलं तर लग २० मिमी जाड, १०० मिमी रुंद, भोक बुडापासून ७५ मिमी उंचीवर. स्किड लांबट, म्हणजे स्लिंगची ओढ जवळजवळ लांबीच्या दिशेने. आणि लग वेल्ड केले होते आडवे!

या मुलाचाच हिशोब खरा धरू. चारही स्लिंगवर समान वजन, धक्का शून्य. ४५ अंशांवर एका लगला ३ टन वर आणि ३ टन आडवी ओढ बसते. ती आडवी ओढ पातळ बाजूने वाकवत असेल तर बुडाशी वाकवण्याचा ताण येतो साधारण ३३० मेगापास्कल. आपलं नेहमीचं माइल्ड स्टील २४०-२५० ला यील्ड होतं. तोच लग नव्वद अंशांत फिरवून लावला असता तर तोच ताण आला असता ६६. प्लेट तीच, वेल्डिंग रॉड तेच, वेल्डरची मजुरी तीच. जादा खर्च शून्य रुपये शून्य पैसे.

हे शून्य लक्षात ठेवा. कारण असं काही लिहिलं की लगेच उत्तर येतं, "तुमच्याकडे पैसा आहे हो, तुम्हाला परवडतं." लग कोणत्या दिशेला वेल्ड करायचा याला पैसा लागत नाही, विचार लागतो. आणि नेमका तोच आपण वाचवतो.

दुसरं आवडतं उत्तर, "वर्षानुवर्षं असंच उचलतोय, कधी काही झालं नाही." अहो, वायररोप स्लिंगचा फॅक्टर पाचाचा का असतो? दोर झिजतो, तारा तुटतात, कडेवर चेपतो, झटका बसतो, हे धरून तो दिलेला असतो. तो वजनाच्या अज्ञानासाठी ठेवलेला गल्ला नव्हे. दर वेळी त्यातून थोडं थोडं काढून खायचं आणि "शिल्लक आहे की" म्हणायचं, असं चाललंय. पासबुक मात्र कोणीच भरून घेत नाही. अमेरिकेच्या एएसएमई बीटीएच-१ या हुकाखालच्या साधनांच्या स्टँडर्डात डिझाइन फॅक्टर २ की ३ हे कशावर ठरतं? वजन आणि परिस्थिती किती नेमकी ठाऊक आहे यावर. माहिती पक्की तर २, कच्ची तर ३. आपल्याकडे माहिती कच्ची असली की फॅक्टर तोंडी वाढतो!

तिसरं उत्तर सगळ्यात धूर्त. "ते खलाशी बघून घेतील, त्यांना अनुभव असतो." असतो, नक्कीच असतो. १९८८ साली केरळात पेरुमणच्या अपघातात अष्टमुडी तलावात पडलेले रेल्वेचे डबे बाहेर काढायला बेपूरचे मापिला खलाशी आले होते. त्यांच्या हातातली विद्या माझ्या डॉक्टरेटने येत नाही. पण कितीही मुरलेल्या खलाश्याला बंद केसिंगच्या आत मोटर कुठल्या बाजूला बसवलीय हे दिसत नाही. गुरुत्वमध्य कुठे आहे ते ड्रॉइंग काढणाऱ्याला माहीत असतं. लगच्या वेल्डमध्ये काय दडलंय हे खालून कळत नाही. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट कागदावर लिहायची नाही आणि ज्याला ती ठाऊक असणं शक्यच नाही त्याच्या अनुभवावर सोडायची, याला विश्वास म्हणत नाहीत. आपल्या डोक्यावरचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर लटकवणं म्हणतात. इथे तर अक्षरशः.

आता "परदेशात सगळं आलबेल" असंही मी म्हणत नाही. १४ जुलै १९९९ ला अमेरिकेत मिलवॉकीच्या स्टेडियमचं साडेचारशे टनांच्या घरातलं छताचं धूड उचलताना 'बिग ब्लू' नावाची प्रचंड क्रेन कोसळली आणि तीन कामगार गेले. क्रेनवर लागणाऱ्या वाऱ्याचा विचार झाला होता, उचललेल्या तुकड्यावर लागणाऱ्या वाऱ्याचा झाला नव्हता. त्याआधी १७ जुलै १९८१ ला कॅन्सस सिटीत हयात रीजन्सी हॉटेलातले लटकते पूल पडून ११४ माणसं मेली. मूळ कल्पनेत वरचा आणि खालचा पूल एकाच सळीला टांगलेले होते. करायला सोपं म्हणून एका सळीच्या दोन केल्या, आणि खालचा पूल वरच्या पुलाला लटकला. एकाच दोराला दोघांनी लटकणं वेगळं आणि खालच्याने वरच्याचे पाय धरणं वेगळं! वरच्या जोडावरचा भार दुप्पट झाला. बदल छोटा होता, हिशोब पुन्हा कोणी केला नाही. पुढे जबाबदार इंजिनिअरांचे मिसूरी राज्यातले परवाने गेले.

फरक इथे आहे. चूक तिकडेही होते, पण चूक झाली की सही कोणाची ते सापडतं. मी राहतो त्या ब्रिटनमध्ये १९९८ पासून 'लोलर' नावाचे नियम आहेत. प्रत्येक उचल जाणकार माणसाने आधी आखलेली हवी, आणि स्लिंग-शॅकलसारख्या सामानाची सहसा दर सहा महिन्यांनी कसून तपासणी हवी. आपल्याकडे कायदा नव्हता का? १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २९ व्या कलमातच लिहिलं होतं की साखळ्या-दोर निदान बारा महिन्यांतून एकदा जाणकाराने तपासावेत आणि त्यांवर सुरक्षित वजन स्पष्ट लिहावं. म्हणजे अक्कल आयात करायची गरज नव्हती.

१ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूरजवळ सरलांबे इथे समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर लाँचर कोसळून २० माणसं गेली. त्यात दोष कोणाचा हा या लेखाचा विषय नाही. पण दोन-चार दिवस हळहळून आपण सगळे पुन्हा "चालतंय"वर आलो, हा नक्कीच आहे. बीम इमारतीत पन्नास वर्षं बसून राहणार म्हणून आपण त्याचं डिझाइन तीनतीनदा तपासतो, आणि ज्या दहा मिनिटांत तो माणसांच्या डोक्यावरून जाणार त्या दहा मिनिटांचा हिशोब कोणाच्याच टेबलावर नसतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ज्याने वस्तू डिझाइन केली, तिची उचल हीसुद्धा त्याचीच जबाबदारी. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात चार ओळी लिहा : सगळ्या जोडलेल्या सामानासकट वजन किती, गुरुत्वमध्य कुठे, उचलायचं कुठून आणि लगची दिशा कोणती, स्लिंगचा कोन कमीत कमी किती. आणि खाली सही करा. साहेब म्हणतील, "हे आपल्या स्कोपमध्ये नाही." त्यांना विचारा, मग कोणाच्या स्कोपमध्ये आहे? नाव सांगा. नाव मिळालं तर कागद त्याच्याकडे पाठवा. नाव मिळालं नाही तर समजा की ते तुमचंच आहे.

त्या मुलाला मी एवढंच कळवलं की लग कापून काढ, फिरवून लाव, दोन स्लिंगचा हिशोब कर, शॅकल बदल, आणि तोवर उचलू नकोस. त्याचं उत्तर आलं, "दादा, साहेबांना काय सांगू? उद्या डिस्पॅच आहे."

साहेबांना सांग, डिस्पॅच परवाही होतो.