जीप की जिप्सी?

दिवाळीच्या सुटीत घरी गेले, तर बाबांनी फराळाच्या ताटाशेजारी दोन आरसी बुकं ठेवली आणि म्हणाले, "मेकॅनिकल शिकून राह्यली ना तू? मंग सांग, कोणती ठेवाची?"

मित्र-मैत्रिणींनो, आमच्या घरात आजवर मला दोनच प्रश्न विचारले गेलेत. मार्क किती पडले आणि जेवलीस का. घरच्या कुठल्याही व्यवहारात "तुझं मत काय?" असं पहिल्यांदाच कुणी विचारलं. त्यामुळे मी हा प्रश्न व्हायव्हापेक्षाही सीरियसली घेतला. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे (शाळेत मराठी बोललं की फाइन पडायचा!), तेव्हा शुद्धलेखनाची चूकभूल द्यावी घ्यावी.

आधी परिस्थिती सांगते. आम्ही राजुऱ्याचे. वर्धा नदीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे बल्लारपूर. आमचं शेत जिवतीच्या पहाडाच्या पायथ्याशी आहे, कापूस आणि तुरीचं. त्या पहाडावर १४ गावं अशी आहेत की त्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही हक्क सांगत आले. तिथल्या लोकांना दोन सरकारं आणि आमच्या घराला दोन गाड्या! एक आबाजींची महिंद्रा एमएम ५४० जीप, १९९५ ची. दुसरी बाबांची मारुती जिप्सी, २००१ ची. दोन्ही एमएच ३४, दोन्ही फोर बाय फोर आणि दोन्ही आता म्हाताऱ्या. जिप्सी तर माझ्यापेक्षाही मोठी आहे.

मग आत्ताच हा प्रश्न का आला? खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. जीपचं आलं २०२५ मध्ये आणि जिप्सीचं २०२६ मध्ये. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने २० वर्षांवरच्या मोटारींची नूतनीकरणाची फी ५,००० वरून १०,००० रुपये केली. त्यावर पर्यावरण कर, इन्शुरन्स, टायर आणि नूतनीकरणाआधी करावी लागणारी डागडुजी. आई स्पष्टच म्हणाली, "दोघींचं म्हातारपण मी एकटी नाही काढणार." शेडही एकाच गाडीचं आहे. दुसरी पावसात भिजते.

म्हणजे एक जाणार हे नक्की. पण कुठली?

मी काय केलं असेल? अर्थातच एक्सेल शीट! आपल्याला तेच तर शिकवलंय. दोन कॉलम, दहा निकष, प्रत्येकाला वेटेज.

जीपचं इंजिन प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनवलेलं एक्सडीपी ४.९०. म्हणजे ४ सिलिंडर आणि ९० मिलिमीटरचा बोअर. स्ट्रोक ८३ मिलिमीटर. गुणाकार करून पाहा, बरोबर २११२ सीसी येतात. (मी करून पाहिला आणि उगाच आनंद झाला.) ताकद सुमारे ६२ हॉर्सपॉवर. जिप्सीचं इंजिन १२९८ सीसीचं पेट्रोल, १६ व्हॉल्व्हचं, फ्युएल इंजेक्शनवालं. निम्म्याहून थोडंच मोठं, पण ताकद ८० हॉर्सपॉवर. वजनाला जिप्सी हलकी, त्यामुळे चिखलात कमी रुतते. आवाज कमी, धूर कमी, हिवाळ्यात पहिल्याच चावीला चालू होते. जीपला मात्र सकाळी आधी हीटर द्यायचा आणि मग सगळ्या गल्लीला उठवायचं. एक गुण जीपचा नक्की आहे. तिचा टॉर्क २००० आरपीएमच्या आसपासच हाती येतो, जिप्सीला ४५०० पर्यंत न्यावं लागतं. काळ्या मातीत फसलेल्या बंडीला ओढायचं असेल तर हा फरक पायाला कळतो. तरीही शीटने निकाल दिला तो असा: जिप्सी ७१, जीप ५८.

मी लॅपटॉप घेऊन ओसरीवर गेले आणि निकाल जाहीर केला. बाबा खूश. आबाजींनी चष्मा लावून स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "यात सुतळी कोठी लिवली?"

आता ही सुतळीची गोष्ट सांगायलाच हवी. मी बारावीत असताना एका संध्याकाळी आम्ही तिघं जीपने शेतातून परत येत होतो. जंगलाचा रस्ता, अंधार पडत आलेला. आमच्याकडे अंधारात जंगलाच्या रस्त्यावर गाडी बंद पडणं म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना कळावं म्हणून सांगते. राजुरा-विरूरच्या जंगलात माणसं मारणारा एक वाघ २०२० च्या ऑक्टोबरमध्ये पकडला गेला, तोवर आमच्याकडची माणसं दिवसासुद्धा शेतात एकटी जात नव्हती. तो गेला तरी भीती गेली नाही. तर अशा रस्त्यावर जीपची ऍक्सिलरेटरची केबल तुटली. इतक्या वर्षांची केबल, तुटणारच. इंजिन चालू, पण पाय दाबला तर काही नाही. आबाजी शांतपणे उतरले. कापसाच्या बोऱ्यातून सुतळी काढली, डिझेल पंपाच्या लिव्हरला बांधली, बॉनेटच्या फटीतून बाहेर घेतली आणि तिचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. बाबा स्टिअरिंगवर, मी सुतळीवर. बाबा म्हणायचे "दे", मी ओढायची. म्हणायचे "सोड", मी सोडायची. असे आम्ही घरी आलो. थोडक्यात, त्या संध्याकाळी मीच ऍक्सिलरेटर होते!

आणि जिप्सी? तिची तक्रार करायला मला जागाच नाही, दोष आमच्या घरच्या उंदरांचा. गेल्या पावसाळ्यात त्यांनी तिच्या इंजिन कंट्रोल युनिटकडे जाणारी वायरिंग कुरतडली. गाडी ठार बंद. आबाजींनी बॉनेट उघडलं, पाहिलं आणि पुन्हा लावलं. आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनीही हात जोडले. दुसऱ्या गाडीवर लादून तिला चंद्रपूरला न्यावं लागलं आणि ती अकराव्या दिवशी घरी आली. आबाजींचं वाक्य अजून आठवतं: "जीप मेली तं मी जित्ती करतो. हे मेली तं हिले दवाखाना लागते."

मला एकदम आमचा मेंटेनन्सचा चॅप्टर आठवला. त्यात अव्हेलेबिलिटी नावाचा एक साधा फॉर्म्युला आहे. दोन बिघाडांमधला सरासरी काळ भागिले, तो काळ अधिक दुरुस्तीला लागणारा काळ. परीक्षेत ५ मार्काला येतो, आपण पाठ करतो आणि विसरतो. बाबांच्या डायरीत दोन्ही गाड्यांचा खर्च तारखेनिशी लिहिलेला आहे, त्यावरून मी ढोबळ हिशोब केला. जिप्सी साधारण १८० दिवसांत एकदा बिघडते, पण बरी व्हायला ११ दिवस घेते. म्हणजे १८० भागिले १९१, सुमारे ९४ टक्के. जीप महिन्यातून एकदा कुरकुरतेच, पण अर्ध्या दिवसात पुन्हा उभी. म्हणजे ३० भागिले ३०.५, सुमारे ९८ टक्के! वारंवार बिघडणारी गाडी जास्त भरवशाची निघाली. माझ्या एक्सेल शीटमध्ये हा कॉलमच नव्हता.

माझं मत इथेच बदललं. गाडी चांगली की वाईट हे फक्त गाडीवर ठरत नाही, ती कुठे उभी आहे यावर ठरतं. दिल्लीच्या एखाद्या माणसाने हाच प्रश्न विचारला असता तर मी उलट उत्तर दिलं असतं. तिकडे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांविरुद्ध आदेश दिला होता. ताडोबाजवळ राहणाऱ्यालाही मी जिप्सीच घे म्हणाले असते. तिथे सफारीला वर्षानुवर्षं जिप्सीच धावल्या, त्यामुळे त्या बाजूला तिला आतून-बाहेरून ओळखणारी माणसं आहेत. कंपनीने सामान्य ग्राहकांसाठी जिप्सी २०१९ च्या सुमारास बंद केली, तरी जिथे दहा जिप्सी आहेत तिथे अकरावीला पार्ट मिळतो. आमच्या गल्लीत ती एकटीच आहे. जीपचं तसं नाही. महिंद्राने १९४७ पासून विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून आमच्यासारख्या गावांतल्या मिस्त्रींच्या पिढ्या तिच्यावर हात बसवत आल्या.

पेट्रोलचाही मुद्दा आहेच. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि २०२५ पर्यंत देशभर तेच झालं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज थोडं घटतं. आणि २००१ चे रबरी पाइप आणि सील या पेट्रोलसाठी बनवलेले नव्हते. ते सगळे बदलायचे म्हणजे पुन्हा खर्च.

आता दुसरी बाजू. एवढं सगळं लिहून मी "जीपच भारी" म्हणून मोकळी झाले तर ते खोटं होईल. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या प्रदूषित औद्योगिक भागांची यादी काढली, त्यात चंद्रपूर चौथ्या नंबरवर होतं. कोळशाच्या खाणी, सिमेंट, वीज केंद्र. आमच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे आजही काळपट होतात. त्यात ३० वर्षांची डिझेल जीप ठेवा म्हणणं हे इंजिनीअर मुलीला शोभतं का? हा प्रश्न मला टोचतो. माझं उत्तर एवढंच, की जीप रोजच्या येण्याजाण्याला वापरायची नाही. बाजारहाट स्कूटीवर, चंद्रपूर एसटीने. जीप फक्त शेत आणि पहाड. नोझल आणि पंप वेळच्या वेळी तपासायचे आणि पीयूसी खरीखुरी काढायची, ओळखीची नाही.

आणि बाबा? जिप्सी त्यांनी स्वतःच्या कमाईवर घेतलेली पहिली गाडी. मी जन्मल्यावर दवाखान्यातून घरी आले तीही जिप्सीतच. हा कॉलमही माझ्या शीटमध्ये नव्हता आणि तो कसा भरायचा हे मला अजूनही माहीत नाही. मी मत सांगितलं तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. फक्त उठून जिप्सीवरची ताडपत्री नीट केली.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मला असा प्रश्न विचारला की माझं सगळं गणित पुन्हा हललं. "आबाजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. ते थकले तं जीप कोण जित्ती करणार?"

खरंच! माझे ९८ टक्के हे जीपचे नव्हतेच, आबाजींचे होते. त्यांचे हात काढून टाका, की जीपही अकरा दिवस शेडमध्ये पडून राहणार. म्हणजे जुनी गाडी ठेवायची की नाही हे ठरवताना खरा प्रश्न हा, की ती दुरुस्त करायला आपल्यापैकी कोण शिकणार आहे? कुणीच नसेल तर दोन्ही विकलेल्या बऱ्या.

मी सातव्या सेमिस्टरच्या उंबरठ्यावर आहे. इंजिनचे कट सेक्शन मी सुंदर काढते, पण आजवर एकही नोझल स्वतःच्या हाताने उघडलेलं नाही. आपल्यातल्या किती जणांनी उघडलंय? मनातल्या मनात उत्तर द्या.

म्हणून बाबांना माझं शेवटचं मत मी असं सांगितलं: जीप ठेवा. जिप्सी भंगारात नको, चंद्रपूरकडे तिची कदर करणारा शोधून त्याला द्या. आणि येत्या उन्हाळ्यात मी सर्टिफिकेटवाली इंटर्नशिप शोधणार नाही. एक महिना राजुऱ्यात राहून आबाजींच्या आणि मिस्त्रींच्या हाताखाली जीप उघडायला शिकेन.

आबाजी म्हणाले, "हात काळे होईन."

म्हटलं, होऊ द्या.