रिकामी दिसणारी मार्गिका

नगर रस्त्यावर २०१६ मध्ये बसगाड्यांसाठी राखून ठेवलेला स्वतंत्र मार्ग सुरू झाला आणि आठ वर्षे पुरी होण्यापूर्वीच, २०२३ च्या अखेरीस, त्याचे तुकडे उखडण्यास प्रारंभ झाला. हे काम लोकांच्या इच्छेविरुद्ध झाले असे म्हणता येणार नाही. सकाळच्या वेळी मोटारीत अडकून पडलेल्या गृहस्थास शेजारची रिकामी मार्गिका दिसते, तेव्हा त्याच्या मनात संताप उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. शहरात रस्त्याला जागा नाही आणि येथे अख्खी एक पट्टी ओस पडली आहे, हा अन्याय नव्हे तर काय, असे त्याला वाटते. हा प्रश्न सरळ असला तरी त्याचे उत्तर तितके सरळ नाही, आणि ते न शोधताच पहार चालविण्याची घाई झाली, हे आमचे दुखणे आहे.

मार्गिका रिकामी दिसते म्हणजे ती निकामी आहे काय? थोडा हिशेब करून पाहू. ताशी २० किलोमीटर वेगाने दर मिनिटास एक बस धावली, तर दोन बसमध्ये सुमारे ३३० मीटरचे अंतर राहते. म्हणजे उत्तम चाललेली बसमार्गिकाही शेजारून पाहणाऱ्यास बहुतांश वेळ मोकळीच दिसणार. परंतु त्या प्रत्येक बसमध्ये ६० माणसे धरली, तर ती मोकळी दिसणारी पट्टी तासाला ३,६०० माणसे वाहून नेते. चौकाचौकांत दिवा लाल होणाऱ्या शहरी रस्त्यावर मोटारींच्या एका पट्टीतून तासाला ९०० मोटारी पार पडल्या तर पुष्कळ झाले. मोटारीमागे सरासरी दीड माणूस धरा. पुण्यात दुचाकींचा सुळसुळाट आहे म्हणून येणारा आकडा उदार मनाने दुप्पट करा. तरी तो २,७०० च्या पुढे जात नाही. भरलेली दिसणारी पट्टी कमी माणसे नेते आणि रिकामी दिसणारी अधिक नेते, हा डोळ्यांना फसविणारा प्रकार आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहने नव्हेत तर माणसे हलविणे हे रस्त्याचे प्रयोजन मानले, ते याच हिशेबावर.

परंतु हाच हिशेब उलटही फिरतो, आणि मार्गिकेच्या कैवाऱ्यांनी तो लपवू नये. बस मिनिटाऐवजी पाच मिनिटांनी आली, तर ३,६०० चे ७२० होतात. मग मोटारीतील गृहस्थाची तक्रार खरी ठरते. पुण्यात बव्हंशी हेच घडले. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज, स्वारगेट, हडपसर या मार्गावर देशातील असा पहिला प्रयोग झाला, तेव्हा वर्तमानपत्रांचे रकाने कौतुकाने भरले होते. पुढे २०१५ पासून संगमवाडी-विश्रांतवाडी व सांगवी-किवळे यांसारखे मार्ग सुरू झाले. रस्ता, थांबे, कठडे, फलक या सर्वांवर पैसा खर्च झाला. ज्याच्यासाठी हा सर्व खटाटोप, त्या बसगाड्यांची संख्या मात्र शहराच्या वाढीमागे कधी धावूच शकली नाही. केंद्रीय नगरविकास खात्याच्या निकषाप्रमाणे उत्तम सेवा म्हणावयाची तर हजार लोकसंख्येस ०.६ बस हव्यात. २०११ च्या जनगणनेत पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन्ही शहरांची लोकसंख्या मिळून ४८ लाखांवर होती. त्या जुन्या आकड्यानेही २,९०० च्या आसपास गाड्या लागतात, आणि परिवहन महामंडळाचा ताफा त्याच्या बराच खाली राहिला आहे. देऊळ बांधले, कळसही चढविला, मूर्ती तेवढी आणावयाची राहिली!

याखेरीज बांधणीतील चुका होत्या त्या वेगळ्या. रस्त्याच्या मध्यभागी थांबा ठेवावयाचा तर तेथवर पोहोचण्यासाठी म्हाताऱ्याकोताऱ्यांस व शाळकरी मुलांस रस्ता ओलांडण्याची सुरक्षित सोय हवी. ती अनेक ठिकाणी नव्हती. राखीव मार्ग उड्डाणपुलापाशी किंवा चौकापाशी येऊन अचानक संपतो आणि बस पुन्हा गर्दीत शिरते, हा अनुभव तर नित्याचा. जेथे कोंडी आहे तेथे मार्गिका नाही, जेथे मार्गिका आहे तेथे कोंडी नाही, अशा योजनेपासून वेळ कितीसा वाचणार? आणि जी होती तीतही दुचाकीस्वार बिनदिक्कत घुसत. यात केवळ प्रशासनाचा दोष नाही. आपण सुशिक्षित म्हणविणारे पुणेकरच पहारेकरी नसलेल्या दारातून आत शिरण्यास कसे तत्पर असतो, हे कोणत्याही दिवशी सकाळी पाहता येते.

दिल्लीचे उदाहरण या वादात हमखास पुढे केले जाते. आंबेडकर नगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा मार्ग २००८ मध्ये सुरू झाला. मोटारवाल्यांनी त्याविरुद्ध काहूर उठविले आणि प्रकरण न्यायालयात गेले. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मार्ग बंद करावा ही मागणी फेटाळली, तरीही २०१५ मध्ये सरकारने तो मोडण्याचे ठरविले व पुढच्या वर्षी तो मोडला. तेथे चौकांतील दिव्यांची आवर्तने लांबली होती आणि मोटारींच्या रांगा वाढल्या होत्या, हे खरे. मार्ग गेल्याने दिल्लीची कोंडी मात्र गेली नाही. अहमदाबादेत २००९ मध्ये सुरू झालेला जनमार्ग त्यानंतर वाढत गेला, ही दुसरी बाजू कोणी सांगत नाही. बोगोटा आणि कुरितिबा येथपर्यंत जाण्याचे तर आपल्याला कारणही नाही.

या वादात ज्याचा आवाज ऐकू येत नाही, तो बसमधला प्रवासी. धनकवडी-कात्रजच्या चढावरून पहाटे धुणीभांडी करावयास निघालेली बाई, हडपसरच्या कारखान्यातील कामगार, वाडिया किंवा फर्ग्युसन महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी, नातवंडांस भेटावयास निघालेले निवृत्त कारकून. यांच्यापैकी कोणी पत्रक काढीत नाही, शिष्टमंडळ नेत नाही. १ जून २०२५ पासून बसचे भाडे वाढले आणि कमीत कमी तिकीट ५ रुपयांचे १० रुपये झाले, ते त्यांनी निमूटपणे भरले. दुप्पट दाम मोजणाऱ्याच्या वाट्याचा रस्ता मात्र त्याला न विचारता काढून घेण्यात येतो.

त्या काढून घेण्याचा परिणाम केवळ एका फेरीस लागणाऱ्या वेळेपुरता नसतो. समजा, एखाद्या मार्गावर १२ गाड्या आहेत आणि जाऊन येण्यास २ तास लागतात. तेथे दर १० मिनिटांनी बस मिळेल. कोंडीमुळे त्याच फेरीस ३ तास लागू लागले, तर त्याच १२ गाड्या, तितकेच चालक-वाहक आणि त्याहून अधिक इंधन खर्चूनही बस १५ मिनिटांनी येऊ लागते. थांब्यावर ताटकळलेल्यांपैकी ज्याला परवडते तो हप्त्यावर दुचाकी घेतो, रस्त्यावर आणखी एक वाहन येते आणि फेरी आणखी लांबते. मार्गिका काढून मोटारींस जी जागा मिळाली, ती या नव्या वाहनांनी भरून जावयास फार काळ लागत नाही. रस्ता रुंद करून कोंडी फोडण्याचा आपला अनुभव असाच आहे. विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल २०२० मध्ये पाडावे लागले, हे अजून कोणी विसरले नसेल.

मेट्रो आल्यावर बसचे काय काम, असा एक युक्तिवाद अलीकडे ऐकू येतो. पुण्यातील मेट्रोचे पहिले टप्पे मार्च २०२२ मध्ये सुरू झाले, त्याचे आम्ही स्वागतच केले. परंतु मेट्रोच्या स्थानकापर्यंत माणूस चालत किती येणार? त्याला तेथे आणून सोडण्यासही बसच लागते. स्वारगेट ते कात्रज या भुयारी मेट्रोस केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली. जमिनीखालचे असे काम उरकण्यास वर्षे जातात, आणि त्या काळात सातारा रस्त्यावर बसखेरीज दुसरा आधार नाही.

सबब, यापुढे उरलेल्या मार्गिकेपैकी एक हातही उखडण्यापूर्वी महापालिकेने व परिवहन महामंडळाने एक साधी गोष्ट करावी. आठवडाभर, सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि सायंकाळी साडेपाच ते साडेसात, प्रत्येक मोठ्या चौकात माणसे उभी करून मोजणी करावी. मात्र ती वाहनांची नव्हे, त्यांत बसलेल्या माणसांची. बसची प्रत्यक्ष वेळ आणि वेळापत्रकातील वेळ यांचा फरकही त्याच कागदावर मांडावा आणि तो कागद नागरिकांपुढे ठेवावा. बस कमी पडतात असे त्यातून दिसल्यास सहा महिन्यांच्या मुदतीने त्या मार्गापुरत्या तरी गाड्या वाढवून पाहाव्यात. मिनिटास एक बस धावूनही माणसे कमी भरली, तर मार्गिका काढण्याच्या ठरावास आम्हीही विरोध करणार नाही.