पाण्याचे खुले दप्तर : स्थापनेचा जाहीरनामा

महाराष्ट्राच्या भूभागाचा ८० टक्क्यांहून अधिक हिस्सा बेसाल्टवर, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या थरांवर बसला आहे. या खडकाचा लहरी स्वभाव विहीर खणणाऱ्याला चांगला ठाऊक असतो. वर मुरूम, मग कुठे मांजऱ्या, कुठे काळा पाषाण, आणि पाणी लागलेच तर भेगांत नाहीतर दोन थरांच्या सांध्यात. एकाला सात परसांवर पाणी लागते, बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याची तेवढीच खोल विहीर कोरडी निघते. अशा जमिनीवर एका गावात लागू पडलेला उपाय शेजारच्या गावात लागू पडेलच, असे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

तरीही १९७२ च्या दुष्काळापासून आपण एका वेळी एकच उपाय राज्यभर लावत आलो. कधी पाझर तलाव, कधी नाला बांध, कधी खोलीकरण, कधी शेततळी. प्रत्येक लाटेत किती कामे झाली याचे आकडे छापून आले. त्यातल्या किती ठिकाणी पाणी मे महिन्यापर्यंत टिकले, कुठे टिकले नाही आणि का टिकले नाही, हे त्या त्या गावातल्या माणसांना माहीत आहे. ते एका जागी कुठेच लिहिलेले नाही.

ते लिहून काढायचे, कुणालाही वाचता येईल असे इंटरनेटवर मांडायचे आणि त्यातून पुढचे उपाय हजारो लोकांनी मिळून शोधायचे, यासाठी आम्ही ही चळवळ सुरू करत आहोत. आमच्यात शेतकरी आहेत, शिक्षक आहेत, भूशास्त्राचे विद्यार्थी आहेत, पुण्यात आणि परदेशात संगणकाचे काम करणारी गावाकडची मुले आहेत. चळवळीला नाव अजून ठेवलेले नाही. नावावरून भांडायला पुढे भरपूर वेळ मिळेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्हाला 'आयडिया' नकोत. 'पर्यावरण वाचवण्यासाठी तुमच्या कल्पना पाठवा' अशी आवाहने अनेक झाली. वातानुकूलित सभागृहात रात्रभर जागून ॲप बनवण्याच्या स्पर्धाही झाल्या. बक्षिसे वाटली गेली, फोटो निघाले आणि बहुतेक ॲप पुढच्या पावसाळ्याआधीच बंद पडली. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळते, यात लोकांचा दोष नाही.

नेमका प्रश्न काय करू शकतो, याचे उदाहरण अलास्कातले आहे. १९८९ मध्ये 'एक्सॉन वाल्देझ' हे तेलवाहू जहाज प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर आदळले आणि समुद्रात तेल सांडले. अशी गळती साफ करणाऱ्यांपुढे एक अडचण वर्षानुवर्षे होती. समुद्रातून गोळा केलेले तेल तिथल्या थंडीत इतके घट्ट होई की ते बार्जमधून पंपाने उपसता येत नसे. तेलगळतीवर काम करणाऱ्या तिथल्या संशोधन संस्थेने २००७ मध्ये एवढाच प्रश्न इंटरनेटवर मांडला आणि २०,००० डॉलरचे बक्षीस लावले. उत्तर आले इलिनॉयच्या एका रसायनतज्ज्ञाकडून, ज्याचा तेलाच्या धंद्याशी संबंध नव्हता. काँक्रीट ओतताना ते आळू नये म्हणून व्हायब्रेटर लावतात, तोच तेलात लावा, असे त्याने सुचवले. आपल्याकडे स्लॅब टाकणारा कोणताही गवंडी हे रोज करतो. ही गोष्ट सांगून लोक जनसमूहाच्या बुद्धीचे गोडवे गातात. आम्हाला तिच्यात प्रश्न विचारणाऱ्यांची शिस्त अधिक मोलाची वाटते. त्यांनी 'समुद्र कसा स्वच्छ करावा?' असे विचारले असते, तर त्यांच्याकडे निबंधांचा ढीग जमला असता.

म्हणून आमचे प्रश्न असे असतील. मांजऱ्या खडकातली, मार्चला आटणारी विहीर मे अखेरपर्यंत पाणी देऊ लागली, असे तुमच्या शिवारात घडले का, आणि काय केल्यावर घडले? शेततळ्यातले पाणी उन्हाने उडू नये म्हणून काय करून पाहिले, आणि ते किती हंगाम टिकले? गावाने बोअरबंदी ठरवली असेल, तर ती मोडणाऱ्याचे पुढे काय केले?

दप्तरातल्या प्रत्येक नोंदीला पूर्ण पत्ता हवा, असा आमचा आग्रह राहील. गाव कोणते, खडक कोणता, त्या वर्षी पाऊस किती, काम कधी झाले, खर्च कुणी केला, आणि तीन पावसाळ्यांनंतर स्थिती काय. तीन पावसाळे यासाठी की पहिल्या वर्षी जवळपास प्रत्येक उपाय यशस्वी दिसतो. पाऊस चांगला झाला की श्रेय बंधाऱ्याला जाते.

फसलेल्या उपायांची नोंद आम्हाला यशाइतकीच हवी, खरे तर थोडी जास्तच. शिरपूरचे उदाहरण घ्या. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी तिथे नाले रुंद आणि खोल करून पाणी जिरवले, आणि 'शिरपूर पॅटर्न' राज्यभर गाजला. शिरपूर तालुक्यात तापीकाठी गाळाचा जाड थर आहे, सातपुड्याच्या बाजूला बेसाल्ट आहे. कुठे किती खोल जायचे, हे तिथे भूशास्त्र जाणणारा माणूस ठरवत होता. २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार अभियान आले आणि खोलीकरण जेसीबीच्या तासांवर मोजले जाऊ लागले. पाणी धरून ठेवणारा मुरमाचा थरच काही ठिकाणी खरवडून निघाला, अशी टीका जाणकारांनी तेव्हाच केली होती. शेततळ्यांचेही तसेच. पावसाचे पाणी अडवण्यासाठी म्हणून खोदलेली अनेक तळी प्लास्टिक अंथरून विहिरीच्या, बोअरच्या पाण्याने भरली जातात. म्हणजे जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी आपण मोटर लावून वर आणतो आणि उन्हात ठेवतो. हे गावात सगळ्यांना दिसते. अनुदानाच्या अर्जात मात्र ते लिहायला रकाना नसतो. आम्ही तो रकाना ठेवणार आहोत.

कोणाला विचारायचे, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. स्मार्टफोन ज्याच्या हातात, त्याचेच मत इंटरनेटवर 'लोकांचे मत' ठरते. गावात तो हात बहुधा तरुण पुरुषाचा असतो. हंडा घेऊन विहिरीवर जाणारी, पाणी कधी गढूळ झाले आणि कधी तळाला गेले हे रोज पाहणारी बाई त्यात नसते. म्हणून या दप्तरात टंकलेखनाची सक्ती नाही. साध्या फोनवरून बोलून नोंद करता येईल. छत्तीसगडमध्ये 'सीजीनेट स्वरा'ने २०१० पासून हे करून दाखवले आहे. गोंडी बोलणारे आदिवासी आपली तक्रार आणि बातमी फोनवर बोलतात आणि इतरांना ती ऐकता येते. आपल्याकडे अहिराणीत, वऱ्हाडीत, कोरकूत, पावरीत बोललेली नोंद तशीच जपली जाईल, आणि तिचे लेखन ती बोली घरात बोलणाराच करील. ज्या गावातून बाईची एकही नोंद आली नाही, ते गाव नकाशावर 'अपूर्ण' असेच दिसेल.

आणि नाव. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी जेमतेम दीड एकरात, नुसत्या निरीक्षणाने आणि निवडीने, भाताचा 'एचएमटी' वाण तयार केला. घड्याळाच्या कंपनीचे नाव मिळालेला हा तांदूळ अनेक राज्यांत पोचला. त्याच्या श्रेयासाठी दादाजींना मात्र वर्षानुवर्षे झगडावे लागले, आणि २०१८ मध्ये ते गेले ते आर्थिक ओढग्रस्तीतच. लोकांकडून ज्ञान गोळा करणाऱ्या प्रत्येकाने हे डोळ्यांपुढे ठेवावे. अहमदाबादचे प्राध्यापक अनिल गुप्ता यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'हनी बी नेटवर्क' सुरू केले, तेव्हा गावात इंटरनेट नव्हते. तरीही ज्याच्याकडून शिकलो त्याचे नाव लावायचे आणि शिकलेले त्याच्या भाषेत त्याच्याकडे परत न्यायचे, हा नियम त्यांनी घालून दिला. आम्ही तोच नियम उचलतो, आणि एक भर घालतो. या दप्तरातली माहिती कोणालाही फुकट वापरता येईल, पण त्यावर पेटंट किंवा मालकी सांगता येणार नाही, असा परवाना प्रत्येक नोंदीला जोडलेला असेल. ज्याला नाव द्यायचे नाही, त्याचे नाव येणार नाही.

माहिती उघडी करण्याचे धोकेही आहेत. कुठल्या शेतात पाणी आहे हे नकाशावर दिसले, तर तिथे सर्वांत आधी बोअरची गाडी पोचेल, तिच्यामागून जमिनीचा दलाल. म्हणून विहिरीची पातळी गावाच्या नावापुरतीच दिसेल, गट नंबर कधीच दिसणार नाही. आपल्या गावाच्या नोंदी किती उघड्या ठेवायच्या, याचा शेवटचा शब्द ग्रामसभेचा.

आता सरकारबद्दल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातल्या सुमारे ४,००० निरीक्षण विहिरींची पातळी साधारणपणे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यात मोजते. राज्यात गावे ४०,००० हून अधिक. यंत्रणेतले लोक कामचुकार आहेत असे आम्ही म्हणत नाही. एवढ्या विहिरींवरून एवढ्या भेगाळ खडकाचा अंदाज बांधणे कुणालाही जड आहे, आणि इथेच लोकांची मोजणी उपयोगी पडेल. पण लोकांनी मोजायचे आणि कार्यालयाने कपाटात ठेवायचे, हा व्यवहार आम्हाला मान्य नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पश्चिम घाटाचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर केला. लोकांच्या हाती तो पडला मे २०१२ मध्ये, तोही माहिती अधिकाराची लढाई झाल्यावर. ग्रामसभांनी चर्चा करावी म्हणून लिहिलेला अहवाल ग्रामसभांपासूनच लपवला गेला होता. आमची मागणी साधी आहे. विहिरींच्या पातळ्या, जलसंधारणाच्या प्रत्येक कामाची जागा आणि त्याचा खर्च, आणि ६० मीटरच्या पुढे गेलेल्या बोअरवर राज्याच्या भूजल कायद्याखाली झालेली कारवाई, हे सगळे गाववार, मराठीत आणि मागितल्याशिवाय जाहीर व्हावे. लोकसहभागाचे नाव पुढे करून सरकारने अंग काढून घेतले, तर आम्ही आमचे दप्तर घेऊन त्याच्याच दारात बसू.

शेवटचा मुद्दा आमच्यातल्याच तंत्रप्रेमी मित्रांसाठी. उपाय म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे यंत्र येते, सेन्सर येतो. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत उभी केली, तेव्हा त्यांनी शोधून काढला तो एक नियम होता: पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, माणसांवर ठरेल; भूमिहीनालाही मिळेल; आणि त्यावर ऊस घेता येणार नाही. हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या काळात चर खणले, झाडे लावली, पण गाव तगले ते दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडल्यामुळे आणि शेतीसाठी बोअर बंद ठेवल्यामुळे. बंधारा बांधायला यंत्र पुरते. उपशावर लगाम घालायला शेजाऱ्याशी वाईटपणा घ्यावा लागतो. म्हणून आमच्या दप्तराची निम्मी पाने गावांनी केलेल्या, पाळलेल्या आणि मोडलेल्या ठरावांसाठी राखून ठेवली आहेत. ती पाने भरली नाहीत, तर बाकीची भरून फारसा उपयोग होणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कामाची सुरुवात मोजणीने करू. सरकारी नोंदीशी ताडून पाहता यावे म्हणून आपणही तेच चार महिने धरू. दोरीला दगड बांधा, विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंत सोडा, ओल्या खुणेपर्यंतचे अंतर टेपने मोजा, तारीख लिहा. मोटर चालू असताना मोजू नका, थांबल्यावर पाणी वर येऊन स्थिर होऊ द्या. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की १९७२ ला ही विहीर कुठपर्यंत गेली होती, आणि तेही लिहा. मग आमच्याकडे पाठवा. शेजारच्या गावातल्या कुणाला तरी सोबत घ्या, कारण एकाच विहिरीचा आकडा आमच्या फारसा कामाचा नाही.