मायाबाईंची रेकॉर्ड

लेखकाने लिहावे आणि गायकाने गावे, अशी वाटणी शिकल्यासवरल्या लोकांनी करून ठेवली आहे. आपल्या वस्त्यांत ती कधी चालली नाही. जलशात गाणे रचणाराच डफ घेऊन उभा राहायचा. म्हणून अमेरिकेतील काळ्या लेखिका माया अँजेलो यांनी गाण्यांची रेकॉर्ड काढली होती, याचे आम्हाला नवल वाटले नाही. नवल वाटले ते त्या गळ्यातून आवाज निघाला याचेच.

मायाबाईंचा जन्म १९२८ सालचा. बालपण आर्कान्सा राज्यातील स्टॅम्प्स या गावी, दुकान चालवणाऱ्या आजीपाशी गेले. सात-आठ वर्षांच्या असताना आईकडे राहायला गेल्या, तेव्हा आईच्या मित्राने त्यांच्यावर अत्याचार केला. मुलीने त्याचे नाव सांगितले आणि थोड्याच दिवसांत तो मारला गेला. आपण बोललो म्हणून माणूस मेला, असे त्या लेकराने मनाला लावून घेतले. सुमारे पाच वर्षे भावाखेरीज ती कोणाशी बोलली नाही. अखेर गावातल्या फ्लॉवर्सबाईंनी तिला पुस्तके दिली, ती मोठ्याने वाचायला लावली, तेव्हा वाचा परत आली.

पुढे याच मायाबाई सॅन फ्रान्सिस्कोच्या पर्पल अनियन क्लबात गाऊ लागल्या. शाळा संपते न संपते तोच पदरात मूल आले होते. स्वयंपाकीण, वाढपीण अशी कामे करून झाली होती. गाणे हाही पोट भरण्याचा मार्ग होता.

त्या कॅलिप्सो गात. हे त्रिनिदाद बेटावरचे गाणे, गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांनी घडवलेले. ठेक्यावर हसवत हसवत गावची खबर सांगायची आणि सत्ताधाऱ्यांना टोमणा मारायचा, ही त्याची रीत. १९५६ साली हॅरी बेलाफोंटे यांची कॅलिप्सोची रेकॉर्ड अमेरिकेत तुफान खपली. त्या लाटेत १९५७ साली मायाबाईंची ‘मिस कॅलिप्सो’ निघाली. त्यातली काही गाणी त्यांनी स्वतः रचली होती. लाट मात्र लवकरच ओसरली.

१९५८ साली थोर गायिका बिली हॉलिडे त्यांना भेटल्या. तू नाव काढशील, पण गाण्याने नव्हे, असे त्या म्हणाल्याचे मायाबाईंनीच आत्मचरित्रात लिहिले आहे. दुसरी कोणी असती तर रुसून बसली असती. मायाबाई १९५९ साली न्यूयॉर्कला गेल्या आणि हार्लेमच्या काळ्या लेखकांच्या मंडळात आपले लिखाण वाचून दाखवू लागल्या. रंगमंचाची सवयही वाया गेली नाही. १९६० साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चळवळीसाठी त्यांनी सहकाऱ्यासोबत गाण्या-नाटकाचा कार्यक्रम उभा करून निधी जमवला. १९६९ साली बालपणाची कहाणी पुस्तकरूपाने आली आणि जगभर वाचली गेली. १९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीत त्यांनी आपली कविता म्हटली. त्या कवितावाचनाच्या रेकॉर्डला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. २०१४ साली त्या गेल्या.

आयाबहिणींनो, घरातली पोर आज गाते, उद्या लिहिते, परवा नाटकात उभी राहते. ‘एक धड कर’ म्हणून तिच्यावर खेकसू नका. आणि एखादी पोर अचानक गप्प झाली, तर तिला हट्टी ठरवण्याआधी जवळ घेऊन बसा. फ्लॉवर्सबाईंनी एवढेच केले होते.